शनिवारी चार वाजता एकटेपणा

आमच्या धंद्यात गोष्टी साठतात आणि सांगता येत नाहीत. खोलीत ऐकलेलं खोलीतच ठेवायचं, हा पहिला नियम. लग्नात पंगतीला बसलं की बँकेतली बाई कॅशियरचे किस्से सांगते, मास्तर पोरांचे सांगतात, आणि मी समुपदेशक, भजी खात गप्प. मग कोणीतरी आत्या विचारतेच, "काय गं, रोज वेडी माणसं भेटत असतील ना तुला?" भेटतात ना. पण ती बहुतेक स्टाफमध्ये असतात.

म्हणून हे किस्से आमचेच आहेत. आमच्या शनिवारच्या गटातली जी माणसं यात येतात त्यांनी स्वतःच सांगितलंय, "बिनधास्त सांग, फक्त नावं बदल." एका काकांनी तर बदललेलं नाव काय ठेवायचं तेही सुचवलं. ते फारच हिरोसारखं होतं. मी त्यांचं राऊतकाका केलं आणि विषय संपवला.

आमचं केंद्र नालासोपारा पूर्वेला, तुळिंजच्या बाजारातल्या एका इमारतीत. खाली फरसाणवाला, पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर, दुसऱ्यावर आम्ही. आम्ही म्हणजे तिघं. प्रधान मॅडम, कॉलेजात मानसशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. ऑल्विन, वसईच्या एका गावातला, घरची केळीची वाडी भावावर सोपवून माणसांच्या डोक्यात शिरलेला. आणि मी, विरारहून येणारी, मूळची देवगडची, म्हणजे जिभेला हाड नाही असं घरचे म्हणतात.

मॅडमना थिअरीचं भारी वेड. माणूस जिना चढून वर येईपर्यंत मॅडमनी त्याला कुठल्यातरी थिअरीत बसवलेलं असायचं. पण परदेशी नावं ऐकली की लोक बावरतात, म्हणून त्यांनी मानसशास्त्रातली सगळी थोर मंडळी एका घरात नांदायला लावली होती. अबोध मनाबद्दल सांगणारे ते दाढीवाले आजोबा. आजोबांशी पटलं नाही म्हणून वेगळी चूल मांडलेले थोरले काका आणि धाकटे काका. कोणालाच न जुमानणाऱ्या आत्याबाई. शिवाय अमेरिकेतले एक मावसभाऊ. हे सगळं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राऊतकाकांनी फार गंभीरपणे विचारलं होतं, "आणि आजोबांची इस्टेट कोणाला गेली?"

"अजून वाद चालू आहे," मॅडम म्हणाल्या.

* * *

शनिवारचा गट मॅडमनीच काढला. जिन्याच्या तोंडाशी बोर्ड लावला, "एकटेपणा आणि चिंता. मोफत गट. दर शनिवारी चार वाजता." समोर भाजीबाजार. तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या सगळ्या गर्दीच्या देखत तो बोर्ड वाचून जिना चढायचा, म्हणजे मला कोणी नाही असं दवंडी पिटून सांगायचं. कोण चढणार?

पहिले काही शनिवार आम्ही तिघंच गोल करून बसलो. मॅडम आम्हालाच थिअरी समजावून सांगायच्या. ऑल्विन वहीत उतरवून घ्यायचा, कारण तो तसाच आहे.

आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष म्हात्रेसाहेब एकदा डोकावले. माणूस चांगला, पण जागा रिकामी दिसली की त्यांच्या पोटात दुखतं. म्हणाले, "मॅडम, एकट्या माणसांचा गट, आणि त्यात माणसंच नाहीत? तो कॉम्प्युटरवर हिशेब शिकवणारा टॅलीच्या क्लासवाला शनिवारसाठी हा हॉल मागतोय. दिवाळीपर्यंत बघू. तोवर खरी गरजू माणसं आली तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू."

मॅडम हसल्या, "जरूर" म्हणाल्या. पण संध्याकाळी कुलूप लावल्यावर त्यांनी ते ओढून बघितलं, जिना उतरल्या, परत वर आल्या आणि पुन्हा ओढून बघितलं. मी पाहिलं. मॅडमचे यजमान जाऊन बराच काळ झाला, मुलगा मेलबर्नला, विरारच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच. बाकीचे दिवस त्यांना केंद्रात काम नसायचं. आठवड्यात एक शनिवार होता, तोच काय तो त्यांचा. चारच्या गटासाठी त्या दोनला येऊन खुर्च्या मांडायच्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, "नंतर रिक्षा मिळत नाही." हा शनिवार टॅलीला गेला तर बाईंचं काय होईल, या विचारानं मला आणि ऑल्विनला धाकधूक लागून राहिली होती.

हे त्यांना तोंडावर म्हणायची आमची टाप नव्हती. मी एकदा जरा सूर लावला होता. "मी एकटी राहते, पण मला एकटं वाटत नाही," मॅडम म्हणाल्या. "नोट्स काढल्या असत्यास तर हा फरक कळला असता."

* * *

आणि मग माणसं यायला लागली. सगळी गालाला हात लावून!

आम्हाला कळेचना. जिना चढताना प्रत्येकजण विव्हळतोय, आणि आमच्या दारात आला की हात खाली, चेहरा एकदम स्वच्छ. ही युक्ती राऊतकाकांची. काका गोदीतून रिटायर झालेले, तुळिंजलाच मुलाकडे राहतात. बाजारात सगळे ओळखीचे. कोणी पाहिलं तर दाताला चाललोय असं वाटावं म्हणून त्यांनी गाल धरला. मागच्यांनी बघून तेच उचललं.

दातांचे डॉक्टर मात्र हैराण. दारावरून रोज, म्हणजे दर शनिवारी, एवढी दुखरी माणसं जातात आणि आत एकही येत नाही. शेवटी एकदा त्यांनी राऊतकाकांना जिन्यातच गाठलं. "या काका, किती सहन कराल?" काकांना 'वर एकटेपणाला चाललोय' असं म्हणायची लाज वाटली. गेले आणि बसले खुर्चीत. आमच्याकडे आले ते गट निम्मा झाल्यावर, तोंडात कापूस घेऊन. एक दाढ गेली होती.

"दुखत होती का?" मी विचारलं.

काकांनी मानेनं नाही म्हटलं. कापूस सावरत बोलले, "किडली होती म्हणे. कधी ना कधी दुखलीच असती."

मॅडमनी ताबडतोब थोरल्या काकांना बोलावलं. म्हणजे थिअरीतल्या. "माणूस चारचौघांत जाताना मुखवटा चढवतो, असं थोरले काका सांगतात. तो सगळेच चढवतात. पण मुखवट्यापायी दाढ देणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतेय."

राऊतकाकांना हे कौतुक वाटलं. ते आठवडाभर घरी सांगत होते.

* * *

थोरल्या काकांचंच ते प्रसिद्ध वाटप, अंतर्मुख आणि बहिर्मुख. मॅडमनी खिडकीकडच्या खुर्च्या अंतर्मुखांना दिल्या, दाराकडच्या बहिर्मुखांना, आणि ज्यानं त्यानं आपापली बाजू निवडायची.

निकिता सरळ खिडकीत. ही विरार पश्चिमेच्या एका टॉवरमध्ये राहते, घरूनच कंपनीचं काम करते, आईबाप नाशिकला. "मी टोटल इन्ट्रोव्हर्ट आहे," ती म्हणाली. "मला लोकांशी बोलताच येत नाही." आणि बोलायला लागली. बोलता का येत नाही, शाळेत कसं येत नव्हतं, कॉलेजात काय झालं, लिफ्टमध्ये कोणी असलं तर ती दाराआड कशी थांबते, कोणी 'हाय' म्हटलं तर काय होतं. चहा आला, गार झाला, कप गेले. दाराजवळ बसलेले राऊतकाका दोनदा खाकरले, एकदा उभे राहून परत बसले.

अखेर मॅडम म्हणाल्या, "राऊत, आज तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"मी बहिर्मुख आहे हो," काका म्हणाले. "पण या अंतर्मुख पोरीनं बोलू दिलं तर ना!"

निकिता खो खो हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. "सॉरी काका," म्हणाली, "सोमवारपासून कोणाशी बोललेच नव्हते." मलाही गलबलून आलं, आमच्या धंद्यात ते दाखवायचं नसतं, पण आलं. राऊतकाकांनी आपली खुर्ची उचलली आणि खिडकीत तिच्या शेजारी नेऊन टेकवली. मॅडमची सगळी वाटणी मोडली.

* * *

धाकटे काका न्यूनगंडाचे तज्ज्ञ. ते असंही सांगतात, की भावंडांत आपला नंबर कितवा यावरून स्वभाव घडतो. मॅडमनी फळ्यावर लिहिलं. थोरला, जबाबदारीनं चिंतेत पडणारा. मधला, दुर्लक्ष झालं म्हणून कुढणारा. धाकटा, लाडावलेला.

हे ऐकून शिंदे पुढे सरकले. शिंदे साताऱ्याकडचे, सातिवलीला प्लास्टिकच्या एका कारखान्यात सुपरवायझर. दिवसभर मशिनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे मनातलं दुःखही ते दुसऱ्या गल्लीत ऐकू जाईल असं सांगतात.

"मॅडम, आमी सात भावंडं. म्या पाचवा. माझं काय?"

"तुम्ही मधले समजा."

"न्हाई न्हाई. सातांतला मधला चौथा. त्यो आमचा बाळू. कुढतोबी त्योच."

"मग धाकट्यांत?"

"धाकटी आमची सुमन. मधी आनखी एक हाय."

मॅडमनी फळ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. "पाचव्याबद्दल धाकट्या काकांनी काही म्हटलेलं नाही, शिंदे."

"ऱ्हाऊ द्या," शिंदे मागे टेकून बसले. "आमच्या आयलाबी मला हाक मारताना आदी चार नावं घ्यावी लागायची. कदीकदी ती तिसऱ्यावरच थांबायची."

हसावं की काय करावं कळेना. फिलोमावशींनी पर्समधून लिमलेटची गोळी काढून त्यांना दिली.

* * *

फिलोमावशींचं सांगायलाच हवं. या वसईच्या गावातल्या, ऑल्विनच्याच परगण्यातल्या म्हणा. नवरा गेलेला, दोन मुलगे आखातात, आणि मागे एवढी मोठी वाडी. गटात त्या ऑल्विनच्या भरवशावर आल्या, कारण तो चर्चच्या गायनमंडळात गातो. गाणारा मुलगा वाईट काही विचारणार नाही, असा त्यांचा हिशेब.

ऑल्विनचं एक वेगळंच दुखणं. दारावर नाव वाचलं की लोक इंग्रजीत सुरू होतात. एक साहेब असेच घामाघूम होऊन आले आणि अर्धा तास इंग्रजीत चिंता सांगत राहिले, शब्द सापडेना म्हणून आणखी घामाघूम. ऑल्विन शांतपणे म्हणाला, "आपण आधी निवांत बसा. पाणी घ्या. घाई काहीच नाही." साहेब चाट! "अहो सर, तुम्ही एवढं छान मराठी शिकलात कुठे?"

"घरी," ऑल्विन म्हणाला. "आपण?"

साहेबांची निम्मी चिंता तिथेच उतरली.

तर एका शनिवारी आजोबांचा पाठ होता. दाढीवाल्या आजोबांच्या मते स्वप्नात दिसतं त्याचा अर्थ वेगळाच असतो, आणि बहुतेक वेळा तो चारचौघांत सांगण्यासारखा नसतो. मॅडमनी पाठ ऑल्विनला घ्यायला लावला. मुद्दामच, मला खात्री आहे.

फिलोमावशींनी हात वर केला. "मला रोज एकच स्वप्न पडतं. केळीच केळी. मोठमोठाले घड. अंगावर येतात."

ऑल्विन कानांपर्यंत लाल झाला. राऊतकाका सरसावून बसले. "हां, अर्थ सांगा ना, अर्थ सांगा." निकिता ओढणीत तोंड लपवून हसून गदगदतेय. ऑल्विननं पुस्तक उघडलं, मिटलं, मॅडमकडे पाहिलं. मॅडम छताकडे पाहत होत्या.

"म्हणजे... आजोबांच्या मते... इच्छा..." ऑल्विन म्हणाला आणि अडकला.

"अरे इच्छा कसली मेल्या!" फिलोमावशी कडाडल्या. "वाऱ्यानं निम्मी वाडी आडवी केलीय, आणि घड उतरवायला माणूस मिळत नाही! अंगावर येणार नाही तर काय होईल?"

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ऑल्विन, शिंदे आणि शिंद्यांच्या कारखान्यातले दोघं कोयते घेऊन वाडीत गेले. मावशींनी सगळ्यांना जेवू घातलं. स्वप्न बंद झालं म्हणतात. आजोबांच्या पुस्तकात हा इलाज नाही.

* * *

अमेरिकेतल्या मावसभावांचा पिरॅमिड सगळ्यात सोपा, म्हणून मॅडमचा फार आवडता. खाली अन्न-पाणी, त्यावर सुरक्षितता, त्यावर प्रेम आणि आपलेपणा, त्यावर मान, आणि टोकाला आत्मसाक्षात्कार म्हणा किंवा काहीतरी तसंच. खालची पायरी भरल्याशिवाय वरची सुचत नाही. मॅडमनी रंगीत खडूंनी झकास काढला.

पायरी पायरीनं चढत मॅडम प्रेमावर आल्या. आवाज हळू केला. "एकटेपणाचं मूळ इथं आहे. आपल्याला कोणाचं तरी व्हायचं असतं. आता डोळे मिटा आणि आठवा..."

राऊतकाकांचा फोन वाजला. सून होती. स्पीकरवर नव्हतं तरी सगळ्यांना ऐकू आलं, "बाबा, टँकर आलाय!"

काका उठले. टँकर त्यांच्या सोसायटीत आला म्हणजे पुढच्या गल्लीतही येणार, म्हणून दाराकडच्या दोन बायका उठल्या. शिंदे उठले, कारण त्यांच्याकडे दोन दिवस पाणी नव्हतं. निकिता लांबची, पण ती काकांना हंडे उचलू लागायला गेली. मिनिटभरात जिना धडधडून शांत झाला. गालाला हात लावायचंही कोणाला सुचलं नाही.

हॉलमध्ये पिरॅमिड, मॅडम आणि फिलोमावशी. मावशी डोळे मिटून तशाच बसलेल्या.

"तुम्हाला नाही जायचं?" मी विचारलं.

"आमच्या वाडीत विहीर आहे," मावशी म्हणाल्या. "मॅडम, प्रेमाचं सांगत होता ना, सांगा."

* * *

आत्याबाई म्हणतात, की आतून घाबरलेला माणूस तीनच गोष्टी करतो. लोकांच्या गळ्यात पडतो, लोकांशी भांडतो किंवा लोकांपासून पळतो. मॅडमनी ही थिअरी सांगितली आणि सगळ्यांना गृहपाठ दिला. ज्याच्याशी बोलत नाही अशा एका शेजाऱ्याला आठवडाभर रोज फक्त "कसे आहात?" एवढंच विचारायचं.

शिंद्यांनी कदम निवडले. कदम वरच्या मजल्यावरचे, पार्किंगवरून दोघांचं कडाक्याचं भांडण, तोंड बघत नव्हते एकमेकांचं. सोमवारी सकाळी कदम स्कूटर काढताहेत तोवर शिंदे मागून कारखान्याच्या आवाजात गरजले, "काय कदम, कसं काय, बरं हाय का?"

कदमांची स्कूटर पडली.

मंगळवारी परत तेच. बुधवारी कदम लवकर निघाले, तर शिंदे त्याहून लवकर गेटवर. गुरुवारी कदमांनी बायकोला सांगितलं, हा माणूस काहीतरी मोठं करणार आहे. शुक्रवारी त्यांना झोप लागेना, छाती धडधडायला लागली.

शनिवारी चार वाजता आमच्या दारात एक नवीन गृहस्थ उभे. गालावर हात. "चिंतेचा गट हाच ना?" म्हणाले. "खालच्या मजल्यावरचा एक माणूस मला रोज विचारतो, कसे आहात." एवढं बोलून त्यांनी आत पाहिलं, आणि समोर शिंदे.

"काय कदम," शिंदे म्हणाले, "कसं काय?"

कदम पळाले नाहीत, हे विशेष. पार्किंगचा वाद अजून चालू आहे, पण आता दोघं एकाच स्कूटरवरून येतात.

* * *

एव्हाना खुर्च्या कमी पडायला लागल्या होत्या, पण म्हात्रेसाहेबांची अट माणसांची नव्हती, 'खरी गरजू' माणसांची होती. दिवाळी जवळ आली तशा मॅडम अस्वस्थ होत चालल्या. दाखवायच्या नाहीत, पण गटासाठी आणायच्या त्या डब्यात शंकरपाळे जास्त यायला लागले.

एकदा मी काही कागद द्यायला त्यांच्या घरी गेले. घर असं लख्ख, की कोणी राहतं की नाही कळू नये. तेवढ्यात मेलबर्नहून फोन आला. फोन मॅडमच्या मांडीवरच होता, म्हणजे त्या वाटच बघत होत्या. पण उचलला नाही. वाजू दिला, वाजू दिला, आणि तुटायच्या बेताला आला तेव्हा घेतला. "हां बोल, अरे जरा कामात होते."

बोलणं झाल्यावर मी म्हटलं, "मॅडम, याला थिअरीत काय म्हणतात?"

"याला रीत म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "आई रिकामी बसलीय असं पोराला वाटलं की तो तिकडे कामात चुका करतो."

मी कागद पुढे केले.

* * *

आणि मग दिवाळीच्या आधीच्या शनिवारी म्हात्रेसाहेब आले. टॅलीवाल्याला निरोप द्यायचा होता. हॉल भरलेला पाहून खूश झाले, पण व्यवहारी माणूस, खात्री केल्याशिवाय ऐकणार नाही.

"मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबा," म्हणाले. "तुमच्यासमोर लोक संकोचतील. मी प्रत्येकाला विचारतो, काय त्रास आहे. गरज खरी असेल तर टॅलीला नाही म्हणतो."

मॅडम आणि मी पॅसेजमध्ये उभ्या. मधली भिंत प्लायवूडची. आतलं सगळं ऐकू येतं, हे साहेबांना माहीत नव्हतं, गटाला माहीत असायला हवं होतं, पण त्या वेळी कोणाच्या ध्यानात राहिलं नसावं.

"हं काका, तुम्हाला काय त्रास?"

"मला?" राऊतकाकांचा आवाज. "मला कसला त्रास? मुलगा, सून, नातू, सगळे आहेत. साहेब, तुम्हाला म्हणून सांगतो. मॅडम फार एकट्या आहेत हो. शनिवारी कोणी आलं नाही तर बाई नुसत्या खुर्च्या मांडून बसतील. म्हणून मी येतो. हे त्यांना सांगू नका."

मॅडमकडे बघायचं धाडस झालं नाही.

"आणि ताई, तुम्ही?"

"माझी वाडी आहे, विहीर आहे, देवाची दया आहे," फिलोमावशी. "मी त्या बाईसाठी येते. घरी तिला कोण आहे? पण हे बाहेर जायला नको हं, साहेब."

"ॲक्च्युअली मला एकटंच राहायला आवडतं," निकिता. "पण मॅडमना कोणी बोलायला नाही ना. त्यांना बरं वाटतं मी आले की."

"म्याबी तेच म्हन्तो," शिंदे. हे तर खाली फरसाणवाल्यालाही ऐकू गेलं असेल. "आमाला काय बी न्हाई झालं. मॅडमसाठी येतो!"

"मी शिंद्यांना सोबत म्हणून येतो," कदम म्हणाले. "ते मॅडमसाठी येतात."

ऑल्विन आतच होता. तो नंतर म्हणाला, मला गायनमंडळातसुद्धा एवढे सगळे एका सुरात कधी ऐकायला मिळालेले नाहीत.

मग म्हात्रेसाहेब सावकाश म्हणाले, "म्हणजे या गटात एकटं कोणीच नाही?"

"कोणीच नाही," सगळे म्हणाले.

"मग गटाची गरज काय?"

मी कपाळावर हात मारला. या भल्या माणसांनी मॅडमचा शनिवार वाचवता वाचवता आपल्या हातांनी टॅलीला देऊन टाकला होता.

मग मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला होता आणि पदरानं पुसत होत्या, बराच वेळ. डोळे ओले होते. रागानं की कशानं, मला आजही सांगता येणार नाही. चष्मा लावून त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, "बघितलंस? एकानंही कबूल केलं नाही. मी यांना टाकून जाऊ कशी?"

आणि आत जाऊन त्यांनी सगळ्यांना शंकरपाळे वाटले, साहेबांनाही. साहेब शंकरपाळा हातात धरून एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. "कळवतो" एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

तो आठवडा आमचा कसा गेला ते आम्हालाच ठाऊक. फोन नाही, निरोप नाही. शनिवारी मॅडम दोनच्याही आधी येऊन बसलेल्या. मी आणि ऑल्विन फळा उतरवायचा की राहू द्यायचा यावर कुजबुजत होतो. चारला गट भरला. सगळ्यांची नजर दाराकडे, निकिताचीसुद्धा.

जिन्यावर पावलं वाजली. म्हात्रेसाहेब. त्यांच्या मागे टॅलीवाला असेल म्हणून आम्ही सगळ्यांनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. साहेब आत आले, भिंतीकडची एक खुर्ची त्यांनी स्वतःच ओढली, गोलात राऊतकाका आणि कदमांच्या मधे लावली आणि बसले. खिशातून रुमाल काढला, परत ठेवला.

नव्या माणसाला मॅडम पहिला प्रश्न विचारतात, तोच त्यांनी विचारला. "बोला साहेब. काय होतंय?"

"मला?" म्हात्रेसाहेब म्हणाले. "छे, मला काय होणार? घर भरलेलं आहे माझं. म्हटलं, मॅडम एकट्या असतात. जरा येऊन बसावं."

"बरं केलंत," मॅडम म्हणाल्या.